खांदेरीचं दीपगृह किल्ल्याच्या इतिहासात सांगायचं की नाही?

दर्यावेडा:
मागच्या हिवाळ्यात अलिबागजवळच्या थळहून होडीने खांदेरी बेटावरच्या किल्ल्यावर जाऊन आलो, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये म्हणून मांडतोय. आमच्या ग्रुपला जो माहिती सांगत होता त्याने तटबंदी दाखवली, चाकांच्या गाड्यावरच्या तोफा दाखवल्या, तो वाजणारा दगडही दाखवला. हातातल्या खड्याने ठोकला की पितळेच्या भांड्यावर ठोकल्यासारखा ठण्ण आवाज येतो, मी तीन-चार ठिकाणी ठोकून बघितलं. पण समोर टेकडीवर अख्खं अष्टकोनी दीपगृह उभं आहे त्याबद्दल फक्त "ते इंग्रजांनी नंतर बांधलं, सोडा." सोडा कशाला? १८६७ सालचं आहे ते, दीडशे वर्षांच्या वर झाली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ मराठा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे, आता माणसं वाढणार, आणि त्यांना बेटाचा इतिहास १८१८ ला थांबला असंच सांगणार का आपण? माझं म्हणणं एवढंच की किल्ला आणि बत्ती एकत्र सांगा.

तटबुरुज:
दादा, तळमळ कळते पण पटत नाही. खांदेरी बांधताना काय झालंय ते आधी आठवा. महाराजांनी १६७२ ला पहिला प्रयत्न केला तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघं आडवे आले. मग १६७९ च्या ऑगस्टमध्ये महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरला आणि ऐन पावसाळी समुद्रात काम सुरू केलं, इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला, सप्टेंबरात त्यांचा थॉर्प नावाचा अधिकारी बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला, आणि १८ ऑक्टोबरला महाराजांच्या दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून गेलं, डोव्ह नावाचं त्यांचं जहाज आपल्या हाती लागलं. एवढं सगळं होत असताना भिंती वर चढतच होत्या! नंतर १७१८ ला मुंबईचा गव्हर्नर बून आरमार घेऊन आला तो पण हात हलवत परत गेला. जे बेट लढून मिळालं नाही ते १८१८ नंतर आयतं मिळालं आणि मग त्यांनी स्वतःच्या जहाजांसाठी तिथे दिवा लावला. तो आपला इतिहास कसा? माणूस एका भेटीत दोन-अडीच तास बेटावर असतो, त्यातला अर्धा तास बत्तीला दिला तर मायनाक भंडारी कधी सांगणार?

बंदररोड:
तटबुरुज यांच्याशी सहमत. ते दीपगृह सुएझ कालवा सुरू झाला म्हणून विलायतेच्या बोटींसाठी बांधलंय, आपला काय संबंध.

दर्यावेडा:
@बंदररोड, तारखा बघा ना जरा. सुएझ उघडला १८६९ च्या नोव्हेंबरात, खांदेरीची बत्ती त्याच्या दोन वर्षं आधीची. मुंबई बंदराच्या दक्षिणेच्या तोंडाशी खांदेरी-उंदेरी ही शेजारची दोन बेटं आणि आजूबाजूला खडक, दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला ते चुकवायलाच लागायचे. मुंबईतल्या कुलाब्याच्या टोकाचं प्रॉन्ग्सचं दीपगृह तर १८७५ चं, म्हणजे खांदेरी त्याच्याही आधी.
आणि तटबुरुज, तुम्ही जे लिहिलंय ते वाचताना अंगावर काटा आला, खरंच. पण तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे असं मला वाटतं. महाराजांनी हेच बेट का धरलं? इथून मुंबईत येणारंजाणारं प्रत्येक जहाज दिसतं म्हणून. इंग्रजांनी बत्तीला हीच जागा का घेतली? त्याच कारणाने. बत्ती दाखवली की किल्ल्याची जागा किती नेमकी होती ते लहान पोरालाही कळतं, वेगळं भाषण करावं लागत नाही.

थळची लेक:
माझं माहेर थळ, म्हणून बोलते. तुम्ही सगळे महाराज आणि इंग्रज करताय, पण आमच्यासाठी खांदेरी म्हणजे आधी वेताळदेव. तो पांढरा मोठा दगड, नारळ, नवस. आणि बत्ती आमची नाही हे कोणी ठरवलं? माझे बाबा रात्री मासेमारीला जायचे, आता सगळ्यांकडे जीपीएस आहे मान्य, पण परत येताना मशीन बंद पडलं, मोबाईल भिजला की बत्तीकडेच बघायचं असतं. आम्ही लहानपणी ओसरीवरून तिचा झोत मोजायचो, एक गेला की दुसरा यायची वाट बघत. बांधली कोणी हे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही, उजेड सगळ्यांनाच पडतो.

तटबुरुज:
ताई, तुमचं लिहिणं मनापासून आवडलं आणि इथे मी एक पाऊल मागे घेतो, कोळी लोकांची बत्ती म्हणून सांगत असतील तर माझा विरोध नाही. पण कौतुक इंग्रजांच्या बांधकामाचं नको.

सरखेल:
एक गोष्ट सुटतेय. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं, आज दीपगृह पण त्याच नावाने ओळखतात. ज्यांच्या आरमाराने इंग्रजांना आयुष्यभर झोपू दिलं नाही त्यांचं नाव इंग्रजांच्या बत्तीला, मला तर हे फार भारी वाटतं.

तटबुरुज:
नाव द्या, पण खांदेरी हे नाव पुसू नका. इंग्रजांनी कागदावर हेनरी-केनरी करून ठेवलं होतं, तरी थळ-अलिबागच्या माणसाने उंदेरी-खांदेरीच म्हटलं. आणि पैसे कशावर आधी खर्च करायचे हा माझा खरा मुद्दा आहे. बत्तीला रंग लागतो, देखभाल होते कारण ती कामात आहे. त्या तोफांचे लोखंडी गाडे उघड्यावर खाऱ्या वाऱ्यात उभे आहेत, चाकासकट मूळ गाडे महाराष्ट्रात किती ठिकाणी बघायला मिळतात सांगा. गंज एकदा आत गेला की परत आणता येत नाही.

दर्यावेडा:
गाड्यांचं शंभर टक्के मान्य, ते आधी. मी चाकाला हात लावला तर बोटाला गंजाचा चुरा लागला होता, लिहायचं राहून गेलं. पण माहिती सांगायला पैसे कुठे लागतात? पावसाळा संपून होड्या सुरू झाल्या की आम्ही दहाजण परत जाणार आहोत, थळची लेक, तुमच्या बाबांना वेळ असेल तर बत्तीचं त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

थळची लेक:
विचारते. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्या की ते घरी कमीच सापडतात, आधीच येऊन भेटा.