ठराव मंजूर, मग गटार कुठे?

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या गटाराचा विषय नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला, असं नगरसेवक सांगतात. बांधकाम विभागात विचारलं तर म्हणे, 'आमच्याकडे काही आलेलं नाही.' खरं कोण बोलतंय?

प्रतिसाद : दोघंही! मी पालिकेत सभेचं कामकाज लिहायचो, म्हणून सांगतो. सभेत मंजूर म्हणजे नुसता ठराव. 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं, खाली सूचक-अनुमोदक, म्हणजे ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा, यांची नावं आली, की पुढचा विषय. खरं काम त्यानंतर : कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निधी, निविदा, मग कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश. फाइल बहुतेकदा निधीपाशीच बसते. नगरसेवकांना 'झालं का?' विचारू नका, ठराव क्रमांक आणि तारीख विचारा.

प्रश्नकर्ता : विचारलं. 'बघून सांगतो' म्हणाले.

दुसरा प्रतिसाद : मग बघतच राहतील ते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'काम का झालं नाही' असं लिहू नका, हात झटकतील. ठरावाची आणि अंदाजपत्रकाची प्रत मागा.

पहिला प्रतिसाद : आणि पोच घ्या हो. त्यावर आवक क्रमांक, म्हणजे अर्ज नोंदवल्याचा नंबर, टाकलाय ना, तिथेच उभं राहून बघा. शिक्का पुसट उठला तर परत मारून मागा, लाजू नका.