ऑटिझम असलेल्या मुलासाठी कुत्रा घ्यावा का? अनुभव हवेत

घोडबंदर_आई
मुलगा साडेसहा वर्षांचा, ऑटिझम आहे, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि हालचाली शिकवणारी) आणि स्पीच थेरपी दोन्ही चालू. नणंदेकडे लॅब (लॅब्रेडोर जातीची कुत्री) आहे, एरवी कुणाला जवळ येऊ न देणारा हा पठ्ठ्या तिच्या पोटाला टेकून निवांत लोळतो, त्यामुळे घरात सगळ्यांच्या डोक्यात आलंय की आपणही कुत्रा घ्यावा. सगळ्यांच्या म्हणजे सासूबाई सोडून (केस, लाळ, देवघर, तुम्हाला माहितीच आहे).

आता एक ब्रीडर भेटलाय, तो म्हणतो चार महिन्यांचं लॅबचं पिल्लू आहे, थेरपीचं ट्रेनिंग झालेलं, सोबत इमोशनल सपोर्ट डॉगचं सर्टिफिकेट देतो, ते असलं की सोसायटीवाले गप्प बसतात आणि विमानातही नेता येतं. किंमत पंचाऐंशी हजार. नवरा म्हणतो एवढ्यात किती महिन्यांची थेरपी होईल. कुणी केलंय का असं? खरंच फरक पडतो की आपण उगाच आशेवर? टू बीएचके आहे, दोघंही नोकरीला जातो, दिवसभर घरी सासूबाई आणि मदतीला मावशी.

ओटी_डोंबिवली
ताई, आधी त्या ब्रीडरचा नंबर ब्लॉक करा, मग बाकीचं बोलू. चार महिन्यांचं पिल्लू थेरपी डॉग असूच शकत नाही. कुत्र्याचा स्वभाव पक्का व्हायलाच वर्ष-दीड वर्ष जातं, परदेशातल्या हॉस्पिटलांमध्येही वर्षाच्या आतला कुत्रा वॉर्डात घेत नाहीत. या वयात त्याचे दुधाचे दात पडत असतात, जे दिसेल ते चावत सुटतं, आणि तुमच्या पोराला स्पर्शाचा त्रास असेल तर एकदा नखं लागली की पुढे वर्षभर तो कुत्रा दिसला तरी कान झाकून बसेल. त्या सर्टिफिकेटला आपल्याकडे कायद्यात काही किंमत नाही. विमानाचं म्हणाल तर अमेरिकेतसुद्धा जानेवारी २०२१ पासून एअरलाइन्सवर इमोशनल सपोर्ट प्राण्यांना घ्यायचं बंधन राहिलेलं नाही.

तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा. थेरपी डॉग तुमच्या घरी राहत नाही, हँडलरबरोबर सेशनला येतो आणि परत जातो. सर्व्हिस डॉग एकाच मुलासाठी तयार केलेला असतो, ते आपल्याकडे ऑटिझमसाठी मिळणं फार अवघड आहे. आणि तिसरा म्हणजे घरचा कुत्रा, ज्याचा आधार वाटतो, बस. तिसरा वाईट नाही, पण त्याला थेरपीचे पैसे देऊ नका.

सेशनमध्ये काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं मूल कुत्र्याला कुरवाळतं आणि जादू होते. आम्ही ब्रश हातात देतो, एका हाताने पट्टा धरायचा आणि दुसऱ्याने विंचरायचं, म्हणजे दोन्ही हातांचं काम आलं. बॉल टाकायचा आणि तो परत आणेपर्यंत थांबायचं, हे थांबणं एरवी शिकवायला किती घाम गाळतो आम्ही. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'बस' म्हटलं की कुत्रा बसतो. आपण बोललो आणि समोर लगेच काहीतरी घडलं, हे या मुलांच्या वाट्याला फार कमी येतं हो. मुंबईत ॲनिमल एंजल्स फाउंडेशन बरीच वर्षं हे काम करतंय, त्यांना विचारून बघा, आधी थोडी सेशन्स करा, मग घरात आणायचं बघू.

खवट_पेन्शनर
हल्ली सगळे कुत्र्याला ओवाळायला निघालेत म्हणून लिहितो. ही कल्पना नवी नाही, न्यूयॉर्कला बोरिस लेव्हिन्सन म्हणून बालमानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा, १९६२ मध्ये त्यांनी त्यावर पेपर लिहिला आणि सहकारी हसले म्हणतात. साठ वर्षं झाली तरी ठोस पुरावा मात्र बेताचाच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पाच हॉस्पिटलांत कॅन्सरच्या शंभरेक मुलांवर अभ्यास झाला, निम्म्याहून अधिक मुलांना नेमाने थेरपी डॉग भेटायचा, बाकीच्यांना नाही. निष्कर्ष काय, तर मुलांची घबराट दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. फरक दिसला तो आईबापांच्या ताणात. म्हणजे पैसे कुणाच्या समाधानासाठी घालवताय ते बघा.

सातारचा_बाप
काका, अभ्यास तुम्ही बरोबर सांगितलात, पण शेवटचं वाक्य माझ्या घशाखाली उतरलं नाही. माझ्या मुलीला ब्लड कॅन्सर होता, एएलएल, आता ट्रीटमेंट संपलीये आणि बरी आहे. केमोच्या दिवसांत रात्री तीन वाजता ताप मोजत बसणाऱ्या आईचा ताण कमी झाला तर तो मुलीपर्यंत पोचत नाही असं वाटतं का तुम्हाला? पोर आधी आईचा चेहरा वाचते, मग डॉक्टरचा.

तरी ताई, आमच्या केसमध्ये घरी कुत्रा आधीपासून होता आणि डॉक्टरांनी नियम कडक दिले होते, ते इथे लिहून ठेवतो कारण असे पालकही हा धागा वाचतील. एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) पाचशेच्या खाली गेला की कुत्रा दुसऱ्या खोलीत, आमचा तर भावाकडेच जायचा. तोंड चाटू द्यायचं नाही, पोर्टच्या (केमोची औषधं द्यायला त्वचेखाली बसवलेलं उपकरण) जागेजवळ तर अजिबात नाही. त्याची शी-शू मुलीने उचलायची नाही, कच्चं मांस खाऊ घालायचं नाही, जंताचं औषध आणि रेबीजची लस वेळेवर. ट्रीटमेंट चालू असताना नवं पिल्लू घरात आणायचं नाही म्हणजे नाही, पिल्लांच्या पोटात जंत आणि जुलाबाचे जंतू जास्त असतात. आणि कुठल्याही कुत्र्याचं नख जरी लागलं तरी पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्यात धुवायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन) द्यावं लागतं, हे गल्लीतल्या दवाखान्यात कधी कधी माहीत नसतं, आपणच सांगायचं.

मिसिसागा_मराठी
इकडे कॅनडात ऑटिझमचे सर्व्हिस डॉग बघितलेत म्हणून लिहितेय. मूल रस्त्यावर एकदम पळत सुटतं ना, त्यासाठी मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या हार्नेसला बांधलेला असतो आणि दोरी मोठ्या माणसाच्या हातात, मूल पळालं की कुत्रा जागच्या जागी ठाण मांडतो. सगळ्या संस्था आता बांधत नाहीत, मुलाला आणि कुत्र्याला दोघांनाही इजा होऊ शकते म्हणून. वेटिंग वर्षानुवर्षं असतं आणि एक कुत्रा तयार करायचा खर्च हजारो डॉलर, तो बराचसा देणग्यांतून निघतो.

खवट काकांसाठी, क्यूबेकमध्ये २०१० साली ४२ मुलांवर अभ्यास झाला होता. सकाळी उठल्यावर शरीरात कॉर्टिसॉल (ताणाचा हार्मोन, लाळेतून मोजतात) जेवढं वाढतं ते कुत्रा घरी आल्यावर ५८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं आणि कुत्रा थोडे दिवस काढून घेतल्यावर परत ४८ वर. कुत्रा न दिलेला वेगळा गट नव्हता हे कबूल, पण लाळेतला हार्मोन काही आईला बरं वाटावं म्हणून खाली येत नाही :)

खवट_पेन्शनर
४२ मुलं आणि तुलनेला गट नाही. बरं. कॉर्टिसॉलचा मुद्दा मान्य, पण त्याने पोराचं बोलणं वाढलं असं कुणी दाखवलेलं नाही.

ओटी_डोंबिवली
तसा दावा मीही करत नाहीये काका. बोलायला निमित्त मिळतं एवढंच म्हणतेय.

कोथरूडचा_मोत्या
आमच्याकडे गावठी आहे, शेल्टरमधून मोठी झालेलीच आणली, लेक आता अकरा वर्षांची, तिलाही ऑटिझम. फरक पडला का? तिच्या बोलण्यात मला नाही दिसला. पण आधी ती शाळेतून आल्यावर दार आपटून आत जायची, आता तिला आधी कुत्रीला पाणी द्यायचं असतं आणि ते काम चुकलं तर तीच आम्हाला ओरडते. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

काही गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. तुमच्या मुलाला आवाजाचा त्रास आहे का बघा, कारण कुत्रा भुंकणारच, फोनवर भुंकण्याचा आवाज लावून बघा तो काय करतो, फुकटात कळेल. कुत्र्याला एक कोपरा द्या जिथे पोराने जायचंच नाही, गादी टाकून, आणि तो नियम आधी चित्रांनी शिकवा. मुलं मान घट्ट धरतात, डोळ्यात बोट घालतात, कुत्रा आधी जांभया देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, आणि एवढं सांगूनही कुणी ऐकलं नाही की मगच चावतो. 'आमचा फार शांत आहे, काही करत नाही' असं म्हणणाऱ्यांच्याच घरी हे होतं. दोघांना एकटं सोडायचं नाही, मावशींच्या भरवशावर तर नाहीच, त्यांना भीती वाटते का तेही विचारा, आपण विचारत नाही.

सोसायटीचं टेन्शन घेऊ नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही. प्रिंट काढून सेक्रेटरीला द्या. तुमच्याकडून महापालिकेचं लायसन्स आणि लसीचं कार्ड तयार ठेवा. त्यासाठी पंचाऐंशी हजारांचं सर्टिफिकेट लागत नाही.

घोडबंदर_आई
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. ब्रीडरला नाही सांगितलं, तर म्हणे साठला देतो. भुंकण्याचा आवाज लावला, पोरगा फोनजवळ येऊन बसला आणि अजून लाव म्हणाला, 'अजून' हा शब्द त्याने स्वतःहून काढला. सेशनसाठी चौकशी केलीये. सासूबाई म्हणतात सेशन करा, घरात नको, तर निदान तिथपर्यंत आलोय. मोत्या, मोठी झालेली कुत्री आणायची तर तिचा स्वभाव कसा कळणार? शेल्टरवाले तर सगळेच गोड आहेत म्हणतात.

कोथरूडचा_मोत्या
फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला आणा, महिना दोन महिने, आणि जमलं नाही तर परत घेणार हे त्यांच्याकडून लिहून घ्या. त्याआधी शेल्टरमध्ये तीन-चारदा जा, वेगवेगळ्या वेळी, आणि दरवेळी पोराला नेऊ नका. ताटली खाली पाडून बघा, कुत्री दचकून परत जवळ येते की कोपऱ्यात जाऊन बसते. खाताना भांड्याला हात लावायचा प्रयोग तुम्ही करू नका, तिथल्या माणसाला करायला सांगा. आणि दिवाळीच्या तोंडावर आणू नका, फटाक्यांत बिचारीचं आणि तुमचं दोघांचंही डोकं फिरेल, तुळशीचं लग्न झाल्यावर बघा. घरी आणायच्या आधी गोचीड तापाची रक्ततपासणी करून घ्या, आमच्या हिला निघाला होता.