बिबट्या दारात दिसला म्हणजे त्याला वस्ती मानवली असं होत नाही

माळवाट: काल इथे एकाने लिहिलं, 'प्राणी जुळवून घेतात, बिबटे शहरात मजेत राहतात, उगाच रस्ते आणि प्लॉटिंगच्या नावाने गळा काढू नका.' रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. बिबट्या, कोल्हा, अमेरिकेतला कोल्ह्यासारखा कोयोटी मिळेल ते खाऊन भागवतात, त्यांचं कसंबसं निभतं. लांडग्याचं काय? त्याचं माळरान कागदोपत्री 'पडीक', म्हणजे कुणीही यावं आणि नांगर नाहीतर जेसीबी घालावा. मी सहा वर्षं एका माळावर जायचो, ओघळीत लांडगीचं बीळ होतं. पाचव्या वर्षी सिमेंटचे खांब रोवले, तारा ओढल्या. पुढच्या हंगामात बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं, अख्खं, कुठे फाटलेलं नाही. कुणी बातमी केली नाही त्याची.

स्पष्टबोल: ते मीच लिहिलं होतं आणि अजून म्हणतो. मुंबईचं राष्ट्रीय उद्यान १०४ चौ. किमी., भोवती माणसंच माणसं, तरी बिबटे टिकलेच ना? युरोपात २०१४च्या अभ्यासात १२ हजारांच्या आसपास लांडगे आणि १७ हजार अस्वलं मोजली, बहुतेक माणसांच्या शेजारीच. आमच्याकडे रस्ता नव्हता म्हणून आजीला खाटेवर घालून नेलं, अर्ध्या वाटेत गेली ती. तिचा जीव लांडगीपेक्षा हलका का?

माळवाट: आजीचं वाचून वाईट वाटलं, पण रस्ता नकोच असं मी कुठे म्हटलं? युरोपात कायद्याने शिकार थांबली, हरणं-डुकरं वाढली, लोकांनी सोडलेल्या शेतात रान परतलं, तेव्हा लांडगे आले. कॅनडात बँफला महामार्गाला कुंपण घालून वरून-खालून ४४ वाटा केल्या, जनावरांचे अपघात ८० टक्क्यांहून जास्त घटले. तिकडे लॉस एंजेलिसचा पी-२२ नावाचा प्यूमा, म्हणजे तिकडचं मोठं रानमांजर, दोन महामार्ग ओलांडून एका पार्कात अडकला, दहा वर्षं एकटा, मादी नाही, २०२२ला गाडीची धडक बसली आणि शेवटी दयामरण द्यावं लागलं. याला मजेत म्हणायचं?

गोठेवाला: कुत्र्यांचं कुणी बोलतच नाही! अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला. नवी वस्ती आली की कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. माझा मोत्या साखळीसकट नेला, वाकलेला हुक अजून खिळ्याला लटकतोय.

श्वानसखी: मोत्याचं ऐकून पोटात तुटलं, पण कचरा कुत्री टाकतात का? मी स्वखर्चाने नसबंदी करून आणते, शिव्या खाते, आणि वर बिबट्याही आमच्यामुळेच?

गोठेवाला: ताई, नसबंदी झालेलं कुत्रं बिबट्या सोडून देत नाही. रोज एकाच जागी खायला घालता, तिथेच तो दबा धरतो.

माळवाट: लांडग्यांनाही कुत्र्यांचे रोग लागतात, संकर होतो. पुण्याजवळचा तसा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय.

श्वानसखी: म्हणजे मारून टाका, हेच ना? सरळ बोला की!

गोठेवाला: मारा कुणी म्हटलं? तोंडात शब्द घालू नका. ढीग उचला, एवढंच म्हणतोय.

श्वानसखी: ढिगाबद्दल कबूल. खायला घालायची जागा वस्तीच्या आत नेईन. त्यापुढे एक शब्द ऐकणार नाही.

रात्रपाळी: मूळ मुद्द्यावर या. २०१८च्या एका अभ्यासात ६२ जातींचे सस्तन प्राणी पाहिले, माणसाजवळ बहुतेक जास्त निशाचर झालेले. आमच्या कॅमेऱ्यातही तेच, सायंकाळी पाणवठ्यावर येणारा तरस वीटभट्टी लागल्यापासून मध्यरात्रीनंतर येतो, तेही थबकत थबकत. जागा तीच, दिवस हिरावला.

स्पष्टबोल: बरं, 'मजेत' हा शब्द मागे घेतो. रस्ता मागे घेणार नाही. भुयारी वाटा आराखड्यातच धरा, नंतर खणत बसू नका, इतकं मान्य.

माळवाट: आणि माळाला 'पडीक' म्हणणं?

स्पष्टबोल: त्यावर विचार करावा लागेल. लगेच हो म्हणणार नाही.

गोठेवाला: ढिगाचं ठरवा आधी. काल रात्री दोनच्या सुमारास सगळी कुत्री एकदम गप्प झाली होती.