अकरावी-बारावीत असतानाच पदवीचे क्रेडिट मिळवता येते का?

विचारणा: केळीउत्पादक, यावल तालुका

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी अकरावी विज्ञानला आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत जाणारी ती पहिलीच असल्यामुळे पुढचे विचारावे असे घरात कोणी नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

दिवाळीत माझा मावसभाऊ अमेरिकेतून गावी आला होता. त्याच्या मुलाने तिकडच्या शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतच महाविद्यालयाचे काही विषय पूर्ण केले आणि त्यामुळे पदवीचे जवळपास एक वर्ष वाचले, असे त्याने सांगितले. तेव्हापासून मुलीने तो विषय मनावर घेतला आहे. तिने स्वतःच शोधून 'स्वयम्' या सरकारी संकेतस्थळावरचा, जानेवारीत सुरू होणारा पायथनचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडला आहे आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाबद्दल पदवीच्या हिशोबात धरली जाणारी एकके, मिळतील असे तिला वाटते. 'पप्पा, हे क्रेडिट पुढे कॉलेजात धरतील ना?' असे ती रोज विचारते. मला उत्तर देता येत नाही.

याच संदर्भात आम्ही एका शैक्षणिक सल्ला केंद्रात गेलो होतो. बारावीपर्यंत 'आंतरराष्ट्रीय क्रेडिट' मिळवून देतो, ते भारतात कोठेही चालते आणि पदवीचे एक वर्ष कमी होते, असे तेथे सांगण्यात आले. एकूण शुल्क ८५ हजार रुपये. माहितीपत्रक गुळगुळीत कागदावरचे, रंगीत आहे, पण ते क्रेडिट कोणते विद्यापीठ देणार आणि कोणते विद्यापीठ स्वीकारणार, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. जागा अडवून ठेवण्यासाठी म्हणून मी ५ हजार रुपये भरून बसलो आहे. उरलेली रक्कम पुढच्या आठवड्यात द्यायची आहे. मुलीसाठी पैसा लावायला मी मागे हटणार नाही, परंतु बागेच्या खर्चातून ८० हजार काढायचे तर ते योग्य ठिकाणी जात आहेत याची खात्री हवी. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: प्राध्यापक, जळगाव जिल्हा

भाऊ, उरलेले ८० हजार रुपये देऊ नका. हे आधी लिहितो, कारण बाकीचे थोडे लांबणार आहे. आमच्या महाविद्यालयात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्यांचे क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेचे, काम माझ्याकडे असते, त्यामुळे असे प्रश्न घेऊन येणारे पालक मी दर जुलैत पाहतो.

शाळेतच क्रेडिट मिळते ही चर्चा हवेतून आलेली नाही. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला आणि त्यात शालेय शिक्षणही धरले गेले. वर्षभराचे १२०० तासांचे अध्ययन म्हणजे ४० क्रेडिट, अर्थात ३० तासांना एक, असा तो हिशोब आहे. मात्र त्याच आराखड्यात प्रत्येक इयत्तेची पातळीही ठरवून दिलेली आहे. अकरावीची पातळी ३.५, बारावीची ४ आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५. बारावीचे ४० क्रेडिट पदवीच्या खात्यात वळते होत नाहीत, त्यांनी पदवीला प्रवेश घेण्याची पात्रता मिळते. सल्ला केंद्रे पहिला भाग रंगवून सांगतात आणि पातळ्यांचा भाग सांगत नाहीत, तेथेच पालकांची फसगत होते.

आता 'स्वयम्'विषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखादी संस्था एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून पूर्ण करण्याची मुभा देऊ शकते. पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती. परंतु कोणते अभ्यासक्रम मान्य धरायचे हे संस्थेची विद्या परिषद (अभ्यासविषयक निर्णय घेणारे मंडळ) सत्रापूर्वी ठरवते, आणि ही सर्व व्यवस्था त्या संस्थेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. अकरावीतली मुलगी नियामक दृष्टीने राज्य मंडळाची विद्यार्थिनी असते, विद्यापीठाची नव्हे. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग महाविद्यालयाच्या आवारात भरतात आणि त्यांना ज्युनिअर कॉलेज म्हटले जाते, त्यामुळे पुष्कळांची येथे गल्लत होते. इमारत एक असली तरी वरच्या वर्गांचा कारभार विद्यापीठाकडे आणि या दोन वर्गांचा मंडळाकडे असतो.

एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी प्रथम वर्षाला आलेला एक मुलगा माझ्या टेबलासमोर उभा राहिला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेले, बारावीत असताना मिळवलेले बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र त्याने पुढे केले. गुण उत्तम होते. मी संगणकावर त्याचा बारा अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशभर एकच असलेला ओळख क्रमांक) टाकला, त्याचे नाव आले, जन्मतारीख आली आणि एकूण क्रेडिटपुढे शून्य दिसले. त्याला वाटले यंत्रणेत बिघाड आहे. बिघाड काहीच नव्हता. अकॅडेमिक बँकेत क्रेडिट जमा करण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत संस्थेला असतो, विद्यार्थ्याने स्वतः आणलेला कागद बँक स्वीकारत नाही. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. पुढच्या सत्रात त्यानेच दुसरा अभ्यासक्रम निवडला, या वेळी विभागाची मंजुरी आधी घेतली, आणि ते क्रेडिट रीतसर जमा झाले. तेच संकेतस्थळ, तशीच परीक्षा, तसेच प्रमाणपत्र. फरक फक्त आधी प्रवेश आणि आधी मंजुरी एवढाच होता.

शिवाय वर्ष वाचण्याचा हिशोबही पाहा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे आपले तिन्ही जिल्हे येतात. राज्याच्या नव्या रचनेत एका सत्राला २० ते २२ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारण तीन-चार क्रेडिट मिळतात. ते सर्व मान्य झाले असे धरले तरी एक वर्ष भरण्यासाठी असे किमान दहा अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतील. अकरावी-बारावीच्या अभ्यासाबरोबर ते कसे जमणार, हे त्या केंद्राला जरूर विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

उत्तर: मूळचा नंदुरबार जिल्ह्यातील, आता सिएटलजवळ

आपल्या मावसभावाने सांगितले ते खरे आहे, परंतु ते ज्या व्यवस्थेत घडते ती समजून घेतली पाहिजे. माझी मुलगी त्याच मार्गाने गेली म्हणून लिहितो.

येथे दोन वेगळे रस्ते आहेत. एक म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, ज्याला सगळे 'एपी' म्हणतात. विषय शाळेतच शिकवला जातो, मे महिन्यात कॉलेज बोर्ड या अमेरिकी परीक्षा संस्थेची परीक्षा होते आणि १ ते ५ पैकी गुणांक मिळतो. ३ किंवा त्याहून अधिक मिळाल्यास बरीच विद्यापीठे क्रेडिट देतात, काही ४ किंवा ५ मागतात, तर काही ठिकाणी क्रेडिट न देता फक्त पुढच्या विषयाला बसू देतात. दुसरा रस्ता दुहेरी नोंदणीचा. विद्यार्थी एकाच वेळी शाळेचाही असतो आणि महाविद्यालयाचाही. आमच्या वॉशिंग्टन राज्यात १९९० पासून 'रनिंग स्टार्ट' नावाची योजना आहे. तिच्यात अकरावी-बारावीची मुले जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी महाविद्यालयात) जाऊन विषय घेतात आणि शिकवणी शुल्क विद्यार्थ्याला भरावे लागत नाही, पुस्तके आणि प्रवास मात्र घरचा.

आमच्या घरी काय झाले ते मोकळेपणाने सांगतो. मुलीने चार विषय घेतले, त्यांपैकी इंग्रजी निबंधलेखनात तिला 'सी' श्रेणी मिळाली. सोळा वर्षांच्या मुलीची ती श्रेणी तिच्या महाविद्यालयीन गुणपत्रकात कायमची राहिली आणि पुढे प्रत्येक अर्जासोबत ते गुणपत्रक जोडावे लागले. राज्यातील सरकारी विद्यापीठाने चारही विषय मान्य केले, ज्या खासगी विद्यापीठात तिला जायचे होते त्यांनी एकच. तरीही ती योजना चांगली आहे असेच मी म्हणेन, कारण शाळा, कॉलेज आणि राज्य या तिघांनी आपसांत आधी करार केलेला आहे आणि मूल त्या कराराच्या आत शिकते. आपल्या जिल्ह्यात तसा करार कोणी केला तर मला मनापासून आनंद होईल.

एपीची परीक्षा भारतातही काही केंद्रांवर देता येते. मुलीला बारावीनंतर परदेशी जायचे असेल तरच तिचा विचार करावा.

उत्तर: तंत्रनिकेतनातील अधिव्याख्याता, धुळे

प्राध्यापक महोदयांशी मी सहमत आहे. फक्त एका मार्गाकडे लक्ष वेधतो, कारण 'आधी शिकलेले पुढे धरणे' आपल्याकडे क्रेडिट हा शब्द रूढ होण्याच्या आधीपासून चालत आले आहे.

दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका पूर्ण केली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या किंवा बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. माझ्या वर्गात साक्री तालुक्यातील एक मुलगा होता. आयटीआयमध्ये फिटर, मग आमच्याकडे थेट दुसरे वर्ष, मग पदवीचे थेट दुसरे वर्ष. लेथवर हात बसलेला असल्यामुळे कार्यशाळेत इतर मुले त्यालाच विचारायला जात. त्याची एकूण वर्षे मोजली तर कमी झाली नाहीत, उलट दहावीनंतर सात लागली, परंतु प्रत्येक टप्प्यावर नोकरी देणारा कागद त्याच्या हातात होता आणि घरची अडचण आली त्या वर्षी त्याने खरोखरच काही महिने नोकरी केली.

आपली मुलगी अकरावीला आहे, त्यामुळे तिने आता वाट बदलावी असे मी म्हणत नाही. अभियांत्रिकीचा विचार असेल तर एवढे लक्षात असू द्यावे की राज्याच्या सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. एक अतिरिक्त अभ्यासक्रम चालेल, चार नकोत.

उत्तर: विद्यार्थिनी, शिरपूर

काका, मी बारावीत असताना असाच एक अभ्यासक्रम केला होता. नोंदणी आणि व्याख्याने मोफत होती, फक्त परीक्षेसाठी १ हजार रुपये भरले. दर आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात, प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. स्वाध्याय जमा करायच्या रात्री वीज गेली की मी आईच्या मोबाइलवरून उत्तरे भरत असे. क्रेडिट मिळाले नाही, हे खरे आहे. पण पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंगच्या तासाला सर लूप शिकवू लागले तेव्हा मला ते आधीच येत होते, आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलींमध्ये बसताना जी भीती वाटत होती ती त्या एका विषयापुरती तरी वाटली नाही. ताईला हे सांगा.

आणखी एक माहिती. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या बीएस पदवीसाठी अकरावीची परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांनाही पात्रता फेरीला बसता येते, त्यासाठी जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास आणि नंतर केंद्रावर परीक्षा असते. पात्र ठरल्यावरही प्रत्यक्ष प्रवेश बारावी उत्तीर्ण झाल्यानंतरच मिळतो आणि क्रेडिट तेव्हापासूनच मोजले जाते. शुल्कात सामाजिक प्रवर्गानुसार आणि उत्पन्नानुसार सवलत आहे.

मूळ विचारणाकर्ता: केळीउत्पादक, यावल तालुका

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल त्या केंद्रात जाऊन, सरांनी लेखी उत्तर मागायला सांगितले होते म्हणून, दोनच गोष्टी लेखी मागितल्या, क्रेडिट देणारे विद्यापीठ कोणते आणि ते मान्य करणारे कोणते. 'वरिष्ठांशी बोलून कळवतो' असे उत्तर मिळाले, लेखी काही मिळाले नाही. पुढचे पैसे देणार नाही असे सांगून आलो. भरलेले ५ हजार परत मिळणार नाहीत असे दिसते.

मुलीने सगळी उत्तरे स्वतः वाचली. शिरपूरच्या ताईचे उत्तर तिने दोनदा वाचले. पायथनचा तो एकच अभ्यासक्रम करायचा, शिकण्यासाठी करायचा, आणि परीक्षेचे हजार रुपये भरायचे की नाही हे पहिले तीन-चार आठवडे पाहून ठरवायचे, असे तिने ठरवले आहे. सरांना एकच विचारतो, पुढे पदवीला प्रवेश घेतल्यावर ही पूर्वमंजुरी मागायची कशी? त्याचा काही छापील अर्ज असतो का?

उत्तर: प्राध्यापक, जळगाव जिल्हा

आमच्याकडे छापील अर्ज नाही, साध्या कागदावर चालतो. अभ्यासक्रमाचे नाव व कोड, आठवडे, क्रेडिट, शिकवणारी संस्था आणि आपल्या अभ्यासक्रमातील कोणत्या विषयाऐवजी तो धरावा, एवढे लिहून विभागप्रमुखांकडे द्यावे. जुलैचे सत्र सुरू होण्याआधी, प्रवेश निश्चित झाला की त्याच आठवड्यात द्यावे, कारण नंतर विद्या परिषदेची यादी बंद झालेली असते. अपार क्रमांक डिजिलॉकरमध्ये आताच पाहून ठेवा, त्यातील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.