बँकॉक ते सायगाव (व्हिएतनाम) जमिनीवरून, २१ दिवस. बेळगावकडचं कुणी जाऊन आलंय का?

शहापूरकर६६

नमस्कार मंडळी. खडेबाजारात आमचं साड्यांचं दुकान. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलो, आता मुलगा बघतो. परदेश म्हणून एकदाच दुबई, तेही पुतण्याकडं. आता सौ.नं आणि मी ठरवलंय, हातपाय चालतायत तोवर एक मोठी सहल करून घ्यायची.

एका टूरवाल्याचं पत्रक आलंय. १६ माणसं, २१ दिवस. बँकॉकपर्यंत विमान आणि पुढं सगळं बस, रेल्वे, होडी असं करत कंबोडिया, लाओस, व्हिएतनाम. 'सांस्कृतिक सहल' असं ठळक छापलंय. माणशी दोन लाख पस्तीस हजार. नकाशात बँकॉकहून एक लाल रेघ सरळ पूर्वेला, पोइपेत नावाच्या सीमेवरच्या गावावरून कंबोडियातल्या अंकोरला गेलीय.

मुलगा म्हणतो, "बाबा, तासाभराचं विमान सोडून बसमध्ये हाडं कशाला खिळखिळी करून घेताय?" सौ.चा उजवा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. शिवाय ती माळकरी. कांदा-लसूण चालतं, मासे-अंडी नाही. माझं इंग्लिश गिऱ्हाइकापुरतं. सीमेवर उतरवून काय काय विचारतात? आणि खरंच काही बघायला मिळतं, की गावोगाव कमिशनच्या दुकानात नेऊन बसवतात? धंदा माझाही तोच, गाइड गिऱ्हाईक कसं आणतो ते मला ठाऊक आहे, म्हणून विचारतोय.

निपाणीचा गडी

काका, पैलं ती लाल रेघ पुसायला सांगा. २०२५ च्या जुलैत थायलंड-कंबोडियाची सीमेवर लढाई झाली, डिसेंबरात परत पेटली. जमिनीवरची नाकी तर जूनपासनंच बंद केली होती. पोइपेतवरून बस नेतो म्हणणारा एकतर जुनं पत्रक वाटतोय, नाहीतर आयत्या वेळी विमानात कोंबणार. कुठल्या तारखेला कुठल्या नाक्यावरून, ते लेखी घ्या.

व्हिएतनामचा ई-व्हिसा आधीच काढा. एकदा आत जायचा २५ डॉलर. अर्जात कुठनं आत शिरणार ते लिहावं लागतं, आणि रस्त्यानं जाणार असाल तर तो रस्त्यावरचा नाका त्यांच्या यादीत आहे का बघा. आमच्यातल्या एकानं विमानतळ लिहिला आणि निघाला बसनं, मग बोंबलत बसला. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. फुकट असतंय, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

मी कामानं गेलतो, सहलीचं काय ते खानापूरच्या बाईंना विचारा.

खानापूरच्या बाई

हाक मारलीत, आले. दादा, मी २०२५ च्या जानेवारीत अशीच सहल करून आले. हायस्कुलात इतिहास शिकवत होते, त्यामुळं थोडं लांबेल.

आमचेही सोळाच जण. बहुतेक पुण्या-मुंबईचे, दोघं कोल्हापूरचे, आणि खानापूरच्या मी नि माझी जाऊ. राणी चन्नम्मा गाडीनं बेंगळूर गाठलं, तिथून बँकॉक. पहिल्याच जेवणाला पुण्याच्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "कर्नाटकातल्या असून मराठी किती छान बोलता हो!" जाऊनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मग दोघींनी भातच कालवला.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीनं लाओसच्या सीमेवरच्या 'नोंग खाय' या गावी गेलो. रूळ मीटरगेज. जुन्या मिरज-लोंढा गाडीत झोपलेल्यांना तो हेलकावा ओळखीचा वाटेल. सकाळी समोर मेकाँग नदी. तिच्यावरचा पूल १९९४ चा, मधोमध रेल्वेचा एकच रूळ आणि त्याच रस्त्यावरून मोटारी. रेल्वे यायची झाली की मोटारी अडवून धरतात. थायलंडात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, लाओसात उजवीकडून. पूल उतरल्यावर एका ठिकाणी सगळी वाहनं मुकाट्यानं बाजू बदलतात. सोळाच्या सोळा जण खिडकीला नाक लावून ते बघत होतो.

पुलाच्या अलीकडं आमची गाइड होती चाळिशीची एक थाई बाई. तिला विचारलं, पलीकडच्यांशी कुठल्या भाषेत बोलतेस? ती हसली. म्हणाली, घरी आम्ही लाओच बोलतो. शाळा, कचेरी, दुकानाची पाटी थाई. त्या भागाला इसान म्हणतात. लाओ बोलणारी माणसं खुद्द लाओसपेक्षा इसानमध्ये जास्त आहेत. १८९३ साली फ्रेंचांनी सयामकडून, म्हणजे तेव्हाच्या थायलंडकडून, नदीपलीकडचा मुलूख घेतला आणि मेकाँगची हद्द झाली. तिची आत्या पलीकडं दिलेली, सणावाराला जाणं-येणं. मी म्हटलं, माझी आत्या चंदगडला दिलेली, तिकडं महाराष्ट्र, इकडं कर्नाटक. तिनं विचारलं, "मधे नदी आहे का?" म्हटलं, नाही, शिनोळी आहे. दोन राज्यांच्या हद्दीवरचं गाव, तिला काय कळणार! पण जाऊ एवढ्या जोरात हसली की ती पण हसायला लागली.

तुमचा मुलगा विमान म्हणतो ना, विमानात हे मिळत नाही. मात्र फसवणार नाही, अंग आंबतं. लाओसची राजधानी व्हिएन्तिआनहून लुआंग प्राबांगला २०२१ साली सुरू झालेली चिनी बांधणीची रेल्वे आहे, दोन तासांत डोंगरातून नेऊन सोडते. अर्धा वेळ बोगदेच, म्हणून डोंगर तुकड्या-तुकड्यांनी दिसतात. पण व्हिएन्तिआनहून दक्षिणेला पाकसे साडेसहाशे किलोमीटरच्या वर, अख्खा दिवस बसमध्ये. त्या दिवशी पुण्याच्या बाई कुणाशीच बोलल्या नाहीत.

सीमेचं म्हणाल तर, महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवर कोगनोळीला एसटी बंद असताना उतरून, पिशवी घेऊन चालत पलीकडची गाडी धरलीय ना कधी? तेच. अलीकडचा शिक्का, मधलं थोडं उन्हातलं चालणं, पलीकडचा शिक्का, नवी बस, नवा गाइड. इंग्लिश लागत नाही, पासपोर्ट पुढं केला की झालं. एका नाक्यावर खिडकीतल्या माणसानं पावतीशिवाय माणशी दोन डॉलर मागितले. टूर लीडरनं ते दिले, आम्ही आभाळाकडं बघितलं. माझ्या बॅगेचं चाकही तिथंच गेलं. तेव्हा बॅग उचलता येईल एवढीच घ्या, चाकावर भरवसा ठेवू नका.

आता मुख्य सांगते. पत्रकात 'वाट फू' आहे का बघा. नसेल तर भांडून घालायला लावा. पाकसेहून बसनं तासाभराचा रस्ता. अंकोरच्याही आधीपासूनचं शिवाचं ठिकाण, २००१ पासून युनेस्कोच्या यादीत. मागच्या डोंगराच्या माथ्यावर आपोआप घडलेला सुळका आहे, लिंगासारखा. त्यावरून जुनं नाव लिंगपर्वत. खाली लांब फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना कमळकळीसारखे दगडी खांब, मग डोंगर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्यांच्यावर वाकलेली चाफ्याची जुनी झाडं. आपला पांढरा चाफा हो, देवळातला. गाइड म्हणाला, "दोक चम्पा." मी म्हटलं, चाफा. त्यानं परत "चम्पा" म्हटलं, मी परत "चाफा". त्यांचं ते राष्ट्रीय फूल.

वर छोटं देऊळ. आत आता बुद्ध आहे, दारावर ऐरावतावर बसलेला इंद्र तसाच आहे. पण तिथं थांबू नका, मागं जा. कड्यातून बारीक झरा पाझरतो. पूर्वी हे पाणी दगडी पन्हळीतून थेट गाभाऱ्यात आणून लिंगावर पडेल असं केलं होतं. म्हणजे अभिषेकपात्र टांगायचीच गरज नाही, डोंगरच संततधार धरून उभा! जाऊ पायातलं काढून त्या पाण्याखाली हात धरून उभी राहिली. दरवर्षी श्रावणी सोमवारी ती आमच्याकडच्या हलशीला जाते. तिथलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं, अंकोर वाटही त्याच शतकातलं, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दिलं असेल पन्नास वेळा. हात ओला झाल्यावर ते वेगळंच वाटलं.

अंकोरचं सगळेच सांगतात, मी थोडक्यात सांगते. सूर्यवर्मन दुसरा यानं बांधलेलं विष्णूचं मंदिर, तोंड पश्चिमेला. तीन दिवसांचा पास ६२ डॉलर, सलग तीन दिवस वापरायची सक्ती नाही. पहाटे सगळे तळ्याकाठी सूर्योदयाचे फोटो काढत असतात, तेव्हा तुम्ही पूर्वेकडच्या ओवरीत जा. समुद्रमंथनाचं पन्नासएक मीटर लांब शिल्प, आणि त्या वेळेला माणूस नाही. पश्चिमेच्या ओवरीत एका अंगाला कुरुक्षेत्र, दुसऱ्या अंगाला लंका. शरपंजरी भीष्म मी गाइडच्या आधी ओळखला, तो जरा हिरमुसला. अंकोरमधल्याच ता प्रोम देवळात आपल्या पुरातत्त्व खात्याचा फलक दिसेल, दुरुस्तीचं बरंच काम त्यांचं आहे.

वहिनींचा गुडघा: अंकोर वाटचा सगळ्यात वरचा मजला आणि वाट फूच्या वरच्या पायऱ्या, दोन्ही उभ्या. वाट फूला कठडा नाही आणि पायऱ्या एकसारख्याही नाहीत. पहिल्या टप्प्यापर्यंत विजेची गाडी सोडते. त्यापुढं त्यांना जमेल तेवढंच.

जेवण: 'व्हेज' म्हटल्यावर मान हलवतात आणि माशाचं पाणी घालतात. थायलंडात त्याला नाम प्ला, व्हिएतनाममध्ये नुओक माम, कंबोडियात मासळी आंबवून केलेलं प्राहोक. त्यांच्या दृष्टीनं ते मीठच. थायलंडात 'जे' आणि व्हिएतनाममध्ये 'चाय' म्हणा, बौद्धांच्या उपासाचं जेवण. ते खरंच शुद्ध शाकाहारी असतं. लाओसात बांबूच्या डबीत चिकट भात मिळतो, हातानं गोळा करून खायचा, वहिनींना आवडेल. आम्ही ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाची नि अगशीची (जवसाची) चटणी नेली होती. पंधराव्या दिवशी पुण्याच्या बाईंनी स्वतः होऊन विचारलं, "ती तुमच्याकडची भाकरी उरलीय का?" दिली. दोन दिल्या.

अनगोळचा रायडर

बाई, एकदम भारी. माझा प्रश्न वेगळा. बुलेटनं बेळगाव-मणिपूर-म्यानमार-थायलंड करता येईल काय? तो त्रिदेशीय महामार्ग झालाय म्हणतात. आणि दुसरं, व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून, तिकडं महाराजांचा पुतळाही आहे असं ग्रुपवर आलंय. बघितला का?

खानापूरच्या बाई

महामार्ग पुरा झालेला नाही, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमध्ये लढाई चालू आहे. बुलेट घेऊन सध्या गोव्याला जा.

पुतळ्याचं मी सायगावच्या गाइडला विचारलं. दोनदा, फोनवर महाराजांचं चित्र दाखवून. त्याला काही माहीत नव्हतं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. राजहंसगड आपल्या दारात आहे. तो चढलायस का आधी?

शहापूरकर६६

बाई, सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवलं. शिनोळीपाशी तीही हसली.

टूरवाल्याला फोन केला. पोइपेतचं विचारल्यावर आधी "साहेब, तोपर्यंत उघडेल" म्हणाला. लेखी द्या म्हटल्यावर दोन दिवसांनी नवा नकाशा आला. आता बँकॉक, लाओस, तिथून खाली कंबोडिया, शेवटी सायगाव. पाकसेला एक मुक्काम आहे, पण वाट फू 'ऐच्छिक', वेगळे पैसे. तेवढ्यावर घासाघीस चालू आहे. घासाघीस मला जमते.

दुकानांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. आणि महिना कुठला धरू?

खानापूरच्या बाई

डिसेंबर-जानेवारी. मार्च-एप्रिलला उत्तर लाओसात शेतं जाळतात, धुरानं डोंगर दिसत नाहीत.

दुकानात नेतातच. रत्नांच्या एका शोरूममध्ये आमचा दीड तास गेला, कुणी काही घेतलं नाही, लीडरचं तोंड उतरलं. पण लुआंग प्राबांगचा विणकामाचा माग तुम्ही चुकवू नका. तिथल्या बायका 'सिन' नेसतात, लुंगीसारखं वस्त्र. त्याचा खालचा काठ वेगळा विणतात आणि मग अंगाला जोडतात. मला लगेच इरकलचा पदर आठवला, तो टोप-तेणीनं जोडतात तो. फरक एवढाच की त्यांचा काठ शिवलेला असतो, आपला पदर मागावरच ताण्यात गुंफून घेतात. मी हे तिथल्या बाईला हातवारे करून सांगायला गेले, पण मला स्वतःला तरी कुठं नीट येतं. तुम्ही गेलात तर इरकलचा जोड दिसेल असा एखादा तुकडा दुकानातून घेऊन जा नि तिच्या हातात द्या. त्याला भाषा लागणार नाही.

आणि वहिनींना सांगा, बंदाचे बूट नकोत. दिवसातून दहा देवळं, दहा वेळा काढा-घाला. वाकल्यावर गुडघा बोलतो. नुसता पाय सरकवला की बसतील अशा चपला घ्या, आणि त्या इथंच पंधरा दिवस वापरून मग न्या.