अडीच किलोमीटर खोलीवरचं जहाज शोधतात कसं? (‘तिलावा’च्या निमित्ताने)

गलबत_४२: मुंबईहून मोंबासाला निघालेलं ‘तिलावा’ 23 नोव्हेंबर 1942 ला आय-29 या जपानी पाणबुडीने बुडवलं, 280 माणसं गेली. 2017 मध्ये तळातून चांदीच्या 2,364 विटा वर आल्या आणि त्या वर काढल्याच्या मोबदल्याचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात 2024 मध्ये निकाली निघाला. खटल्यावर रग्गड वाचायला मिळतं, तंत्रावर फारसं नाही. शोधक्षेत्र कसं आखतात? सोनारवर (ध्वनिलहरींनी काढलेल्या तळाच्या चित्रात) जहाज आहे की खडक, हे कशावरून ठरवतात? थ्रीडी मॉडेलसाठी फोटो किती जवळून घ्यावे लागतात?

खोलपाणी: सगळे आरओव्हीचे (केबलने चालवायच्या पाण्याखालच्या रोबोटचे) व्हिडिओ बघतात, पण खरे पैसे बुडतात ते कागदावर. जहाजाचा शेवटचा बिनतारी संदेश, वाचवणाऱ्या जहाजाचं लॉगबुक, पाणबुडीची रोजनिशी: प्रत्येकात जागा वेगळी सापडते. तारे बघून काढलेली जागा, तिच्यापुढे दिशा आणि वेग धरून केलेला अंदाज, त्यात युद्धकाळातली नागमोडी चाल. अक्षांशात एका मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक म्हणजे 1.85 किमी.

हमखास फसवते ती वेळ. जपानी नौदल टोकियोची वेळ लिहायचं, जर्मन पाणबुड्या बर्लिनची. रूपांतर विसरलं की तारीखसुद्धा बदलू शकते. वाचलेल्यांच्या होड्या सापडल्या ती जागाही तशीच वापरू नका, मधल्या दिवसांचा वारा आणि प्रवाह उलटा मोजून मागे जा. आणि कृपा करून सगळ्या जागांची सरासरी काढू नका! प्रत्येकीभोवती तिच्या चुकीएवढं वर्तुळ आखा, जिथे वर्तुळं एकमेकांवर येतात तिथून सुरुवात.

गलबत_४२: समजा असं 500 चौ. किमी क्षेत्र निघालं. वेळ किती?

साइडस्कॅन: एयूव्ही (केबलशिवाय आपोआप फिरणारा पाण्याखालचा रोबोट) असेल तर तळापासून 60 मीटर वर, दोन्ही बाजूंना 600 मीटर रेंज (उंची रेंजच्या दहा टक्के, हा ढोबळ नियम). ओळींमधलं अंतर 1 किमी ठेवा. यंत्राच्या थेट खालचा पट्टा नीट दिसत नाही आणि एवढ्या अंतरावर तो शेजारच्या ओळीतही येत नाही, तो भरायला वेगळ्या ओळी लागतात, त्यांचा वेळ वेगळा धरा. साडेतीन नॉट वेगाला (ताशी साधारण साडेसहा किमी) ताशी साधारण साडेसहा चौ. किमी होतात. एका बुडीत तळावर 20 तास मिळाले तर 130, म्हणजे चार बुड्या, शिवाय मधलं चार्जिंग आणि डेटा उतरवणं. जहाजामागे केबलने ओढायच्या टोफिशला (सोनारच्या यंत्राला) मात्र मागे कित्येक किलोमीटर केबल असते, ती घेऊन एक वळण घ्यायलाच काही तास जातात.

खडक की जहाज, ते सावली (वस्तूमागे ध्वनी न पोचल्याने चित्रात दिसणारा काळा पट्टा) सांगते. उंची = सावलीची लांबी × यंत्राची उंची ÷ सावलीच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. सावली 100 मीटर, यंत्र 60 मीटरवर, टोक 400 मीटरवर: वस्तू 15 मीटर उंच. सरळ कडा आणि आसपास विखुरलेले तुकडे दिसले तर लक्ष्य राखून ठेवा, जास्त फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या दिशेने पुन्हा जा. एकाच फेरीवर ‘सापडलं’ जाहीर करणारे पुढे तोंडघशी पडतात.

गाळउपसा: मॉडेलबद्दल. आरओव्ही 3 ते 5 मीटरवर ठेवा. फोटो पुढच्या दिशेने 80 टक्के आणि बाजूने 60 टक्के एकमेकांवर यायला हवेत. दिवे कॅमेऱ्याला खेटून लावू नका, पाण्यातले कण चमकून सगळं धुकट येतं. बाजूला लांब दांड्यांवर लावा. मापासाठी 10 सेंमी अंतरावरचे दोन समांतर लेझर पुरतात. लाल रंग काही मीटरांतच मरतो, त्यामुळे गंज खरा कसा दिसतो ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

प्रवाह जिकडे वाहतो त्या अंगाला थांबून काम करा, म्हणजे थ्रस्टरने (आरओव्ही ढकलणाऱ्या पंख्यांनी) उडवलेला गाळ जहाजावर न जाता मागे जातो. लांबलचक एकाच ओळीत मॉडेल हळूहळू वाकतं, अधूनमधून आडव्या ओळी मारा. डोलकाठीच्या तारांभोवती मात्र टेदर (आरओव्हीची केबल) कधीच वळवू नका. अडकला, तर सोडवायला दुसरा आरओव्ही लागतो आणि तो बहुतेक बोटींवर नसतोच.