पावसानं घरात कोंडलेलं चार वर्षांचं पोरगं: घरातल्या घरात काय खेळवू?

बावड्यातली आई

नमस्कार. आम्ही कसबा बावड्यात राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या, पुढे हातभर गॅलरी. मुलाला पुढच्या महिन्यात चार पूर्ण होतील. गेले बारा दिवस पावसानं उघडीप दिलेली नाही. बालवाडीला सुट्टी, बाहेर चिखल, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठल्यापासून घरात दुसरा विषयच नाही. ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे आता पोरालाही पाठ झालंय. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आई, आज किती फूट?"

मी घरी ब्लाउज शिवते. श्रावणाच्या आधीची कामं अंगावर आहेत, मशीन सोडून दिवसभर त्याच्यामागे बसता येत नाही. सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे खाली बसू देत नाहीत. खेळणी पोतंभर आहेत. एकेक काढतो, पाच मिनिटांत टाकतो आणि सोफ्यावरून उड्या मारायला लागतो. खालच्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचा मुलगा दोनदा येऊन चांगल्या शब्दांत सांगून गेला. मग मी मोबाईल देते. हातात असेपर्यंत गप्प, काढून घेतला की तासभर रडारड.

आवाज न होणारे, घरातल्याच वस्तूंचे आणि मी मशीनवर असताना चालतील असे खेळ सांगा.

राजारामपुरीची मावशी

टेबलावर जुनी साडी टाका, आत उशी आणि बॅटरी. माझी भाची या तंबूत अख्खी दुपार काढते. लाईट गेली की भिंतीवर हाताच्या सावल्या, ससा आणि हरीण. फक्त बटणासारख्या चपट्या सेलची बॅटरी देऊ नका. तो सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. पेन्सिल सेलची, झाकण स्क्रूनं बंद होणारी बघून घ्या.

मंगळवार पेठेतल्या बालवाडीच्या बाई (निवृत्त)

तुला एकेरीच म्हणते, माझ्या पहिल्या तुकडीतली पोरं आता तुझ्या वयाची असतील. एकतीस वर्षं बालवाडीत होते. पत्र्याचं छप्पर, एक खोली, आणि पावसाळ्यात तीस-पस्तीस पोरं आत. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

अगं, तुझ्या पोरानं त्याला काय खेळायचंय ते सांगितलंय की. "आज किती फूट?" घरातली मोठी माणसं ज्या आकड्याला दिवसभर धास्तावतात, तो आकडा त्याला हात लावून बघायचाय. ऑगस्ट २०१९ चा महापूर ओसरून बालवाडी पुन्हा भरली, तेव्हा आमच्या पोरांनी महिना-दीड महिना दुसरं काही खेळलं नाही. परात म्हणजे बोट. बाहुल्या, ठोकळे, कुणाचा डबा, सगळं परातीतून "सोडवून" आणायचं. एक पोरगी रोज आधी म्हैस बाहेर काढायची, मग माणसं. आम्ही कुणीच अडवलं नाही. हळूहळू त्याच परातीत भाजीबाजार भरायला लागला आणि पूर मागे पडला.

तर आज एवढं कर. दारामागे खालून वर खडूनं रेघा मार, ३० पासून ४३ पर्यंत. दोन रेघांत दोन बोटांचं अंतर पुरे. ३९ ची रेघ हळदीची, ४३ ची कुंकवाची. रोज सकाळी आकडा कळला की त्यानं स्वतः त्या रेघेवर टिकली लावायची. पाणी चढलं तर टिकली वर, उतरलं तर खाली. आकडे ओळखायला शिकेल म्हणून हे सांगत नाही, शिकला तर चांगलंच. सकाळच्या त्या प्रश्नाला त्याच्या हातात काहीतरी काम मिळेल म्हणून सांगते. आणि परात, वाट्या, बाहुल्या सोफ्याखाली ठेवून दे. पुढचं तो बघेल.

आता उड्यांचं. अंग दमल्याशिवाय या वयात हात एका जागी ठरत नाहीत. तू बैठा खेळ आधी देतेस म्हणून तो फेकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी असं आहे, आणि त्यातली ६० मिनिटं तरी चांगली दमवणारी. बसून पडदा बघणं तासाच्या वर नको. मोबाईल दिलास म्हणून मी तुला बोलत नाही. तीन तासांची हालचाल दोन खोल्यांत बसवायची कशी, तेवढंच बघू.

उडी खालच्या मजल्यावर ऐकू जाते. ओढणं, ढकलणं, उचलणं, रांगणं ऐकू जात नाही, आणि उडीपेक्षा त्यानंच पोर जास्त दमतं. जुन्या चादरीवर दोन-तीन किलो तांदळाची पिशवी ठेव, झाला उसाचा ट्रॅक्टर. स्वयंपाकघर म्हणजे फड, दार म्हणजे कारखाना. दहा खेपा करायला लाव, प्रत्येक खेपेला सासूबाईंनी खुर्चीवर बसल्या बसल्या "पावती" फाडून द्यायची. पाठीवर उशी घेऊन कासवासारखं रांगायचं, उशी पडली की पहिल्यापासून. प्लास्टिकच्या तांब्यानं एका बादलीतलं पाणी दुसऱ्या बादलीत न्यायचं, हे मोरीत. तिथं तू जवळ असतानाच, आणि खेळ संपला की बादल्या पालथ्या. चार बोटं पाणीसुद्धा लहान पोराला धोक्याचं असतं.

शिवाय आपण कोल्हापुरात राहतो. गादी जमिनीवर टाक आणि तालीम उघड. शड्डू ठोकायचा, बैठका मोजायच्या, संध्याकाळी बाबा आले की गादीवर कुस्ती. आमच्या बालवाडीत खासबागेचं मैदान रोज भरायचं आणि रोज पोरीच जिंकायच्या. फुटबॉलसाठी दोन पायमोजे एकमेकांत गुंडाळ. टेबलाखाली गोल. तो चेंडू भिंतीवर आपटला तरी आवाज होत नाही.

हे अर्धा तास झालं की हाताचं काम दे. काम म्हणते, कारण खोट्या भाज्या कापण्यापेक्षा गवारीच्या खऱ्या शेंगा मोडण्यात पोरं जास्त वेळ रमलेली मी पाहिली आहेत. माठाची पानं खुडणं, लसणाच्या कुड्या सुट्या करणं, धुतलेले चमचे पुसून जागच्या जागी लावणं. सासूबाईंच्या बांगड्या उभ्या लाटण्यात ओवायला दे, प्लास्टिकच्या किंवा धातूच्या, काचेच्या नकोत. वर्तमानपत्र फाडायला दे. वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. कागदाचे धागे ज्या दिशेनं असतात त्या दिशेनं तो फाटतो. हे त्याला सांगू नकोस. स्वतःच्या हातानं सापडलं तर आठवडाभर सगळ्यांना फाडून दाखवेल. पट्ट्या चिकटवायला मैद्याची खळ कर, दोन दिवसांत संपेल एवढीच. या दमट हवेत लगेच आंबते.

आता माझं सगळ्यात आवडतं. सासूबाईंकडे चिपटं-मापटं, म्हणजे धान्य मोजायची जुनी मापं, आहेत का? जुन्या घरात असतातच. नसतील तर माहेरी विचार. चादरीवर मोठ्या पातेल्यात तांदूळ, सोबत चिपटं, मापटं, शेर. काही बोलू नकोस, तुझं मशीन चालू ठेव. तो भरेल, ओतेल, सांडेल. केव्हातरी त्याला दिसेल की दोन चिपटी ओतली की मापटं भरतं. आणखी काही दिवसांनी, दोन मापट्यांचा शेर. एक पोरगा हे कळल्यावर उठून उभा राहिला होता आणि बाहेर पावसात त्याच्या आईला सांगायला पळाला होता. चार शेरांची पायली त्याला शाळेत कुणी शिकवणार नाही आता, पण दोन वेळा अर्धं म्हणजे पूर्ण, हे ज्याच्या हाताला कळलं त्याला पुढे गणिताची भीती वाटताना मी फार पाहिलेली नाही.

आमच्याकडे विकत आणलेलं साहित्य कधीच पुरलं नाही. प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कामाबद्दल शिकवलं होतं. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. तुझ्या घरात तर चिंध्या, रिळं आणि टेप आहे. सुया आणि टाचण्यांचा डबा वर उचलून ठेव आणि एक टेप त्याच्या नावावर कर. वापरताना गळ्यात घालायचा नाही, एवढा एकच नियम.

उचगावचा बाबा

बाई, सगळं पटलं, पण आमच्यासारख्यांचं काय? दोघंही नोकरीला, घरी येईपर्यंत सात. त्यानंतर तांदूळ, खळ आणि कागदाच्या पट्ट्या आवरायच्या कुणी? आणि अन्नाशी खेळू नये असं आमची आई म्हणते, मलाही ते खटकतं.

मंगळवार पेठेतल्या बालवाडीच्या बाई (निवृत्त)

तुमच्या आईंचं बरोबर आहे. म्हणून तांदळाला पाय लावायचा नाही, तोंडात घालायचे नाहीत, आणि खेळून झाले की तेच तांदूळ निवडून, तीनदा धुऊन रात्री शिजवायचे. "माझ्या तांदळाचा भात" म्हणून पोरं जास्त खातात, हेही बघा करून.

आवरायला जाड सोलापुरी चादर. सगळा पसारा चादरीच्या आतच, हा नियम पहिल्या दिवसापासून. शेवटी चार टोकं उचलली की झालं, एक टोक पोराच्या हातात. तुमच्याकडे संध्याकाळचा तासच असेल तर पसाऱ्याचे खेळ रविवारी ठेवा. रोज कुस्ती आणि चमचे पुसणं एवढं पुरे.

आणि तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके, मणी, हरभरे यांतलं काही खाली ठेवू नका. दोन बोटांएवढ्या रुंदीच्या नळीतून जी वस्तू आत जाते ती घशात अडकू शकते, असं आम्ही धरून चालायचो.

कुंभार गल्लीतला दादा

ताई, मातीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बेंदराचे बैल होऊन गेले, आता गणपतीचं काम भरात आहे. शाडू आता सहज मिळतो, दोन किलो पुरे. कणकेसारखा मळा, हाताला चिकटायचा थांबला की तयार. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, महिनाभर राहतो. मोठी वस्तू सुकताना तडकते, आम्ही त्यात काथ्या घालतो. तुम्ही कापसाचे पिंजलेले धागे मिसळा. लहान पोराला पहिल्यांदा बैल जमत नाही. आमच्या घरात पहिल्यांदा लांब वळी करायला देतात, ती वाकवली की साप, गुंडाळली की शंख, चपटी केली की चप्पल. तिथनं पुढं बैलाचे पाय म्हणजे चार वळ्याच की.

दोन गोष्टी सांभाळा. हात बेसिनमध्ये धुऊ नका, शाडू पाइपात बसला की निघत नाही. बादलीत धुवा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी ओता, खालची माती परत डब्यात. आणि कुणी प्लास्टर ऑफ पॅरिस दिलं तर पोराच्या हातात देऊ नका. घट्ट होताना ते तापतं, हात आत राहिला तर भाजतं.

राजारामपुरीची मावशी

दादा, मिठाच्या कणकेचं काय? दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल घालून मी मळते, पण पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी चिकट होते.

कुंभार गल्लीतला दादा

मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून. या दिवसांत मातीच बरी.

बावड्यातली आई

पाच दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार.

सगळंच जमलं नाही. कासव त्याला अजिबात आवडलं नाही. पाण्याच्या खेपांत त्यानं निम्मं पाणी अंगावर घेतलं आणि त्याला सर्दी झाली, ते आता बंद आहे. चिपटं-मापटं सासूबाईंच्या ट्रंकेत निघालं, पितळेचं, काळं पडलेलं. ते चिंचेनं घासण्यातच पहिला दिवस गेला, आणि तोही त्यांनी दोघांनी मिळून घालवला. सासूबाई खुर्चीवर, तो खाली, मध्ये परात. त्यांच्या लहानपणी खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणायचे, हे मला लग्नाला सहा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. आता आमचं पोरगंही "लाभ, दोन, तीन" असंच मोजतं. दोन चिपट्यांचं मापटं अजून सापडलेलं नाही. मी काही बोलले नाही, बाई.

ट्रॅक्टरच्या खेपा रोज दहाच्या वीस होतात. खालच्या आजींचा मुलगा परवा जिन्यात भेटला. "पोरगं गावाला गेलंय काय?" असं विचारलं त्यानं.

मोबाईल जेवताना अजून लागतो. दिवसात तेवढाच.

टेपनं घर मोजून झालं. फ्रीज, आजी, सोफा, माझं मशीन. आकडा कोणताही असो, तो "पाच फूट" म्हणतो. परातीतून बाहुल्या सोडवणं तिसऱ्या दिवशी सुरू झालं, मी न सांगता. त्यानं आधी माझ्या कात्रीचा डबा सोडवला, मग आजीची औषधं.

पहिले दोन दिवस टिकली वरच चढत होती, ४१ पर्यंत गेली, आणि त्या रात्री तो माझ्याजवळ येऊन झोपला. काल पावसानं उघडीप दिली. आज सकाळी पाणी ३८ फुटांवर आलं. त्यानं टिकली हळदीच्या रेघेखाली लावली, बोटानं दाबून दाबून बसवली, आणि आजीला जाऊन सांगितलं की आता तुझी औषधं परातीतून बाहेर काढली तरी चालतील.